पोदेराचा भोंगा आणि तीन 'हूं'

मी बेळगावकडची. एका भाषेच्या भांडणातून उठले, लग्न करून गोव्यात कोरगावला आले आणि थेट दुसऱ्या भाषेच्या भांडणात येऊन पडले. माहेरी मराठी विरुद्ध कन्नड, सासरी मराठी विरुद्ध कोंकणी. आई म्हणायची, तुझ्या पत्रिकेतच दंगल लिहिलेली आहे. मी म्हणायचे, दंगल नाही गं, व्याकरण.

त्या वर्षी गोव्यात राजभाषेचा वाद ऐन भरात होता. घटक राज्य आज होणार, उद्या होणार, असं रोज कानावर यायचं. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दोन सख्खे भाऊ होते. एक म्हणायचा आपली भाषा मराठी, दुसरा म्हणायचा कोंकणी. विहिरीपाशी रोज सकाळी दोघांची जुंपायची आणि दोघंही भांडायचे एकाच बोलीत, शिव्यांसकट. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. दोघांनी आपलं भांडण तिथंच सोडलं आणि मिळून माझ्यावर घसरले.

एरवी गावातली माणसं सरळ होती. फक्त दोन गोष्टींवरून त्यांचं डोकं फिरायचं, एक भाषा आणि दुसरी जत्रेचं नाटक. त्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यात काडी टाकणारी मी होते, हे आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

माझे सासरे जत्रेच्या नाटकात चाळीस वर्षं काम करत होते. राजे, सेनापती, साधू, दुष्ट मामा, सगळं करून झालेलं. आवाज असा की देवळापुढे बोलले तर ओहोळापलीकडे गुरं माना वर करायची. पण आदल्या वर्षी घात झाला. ते बादशहा झाले होते. ऐन दरबारात भाषण विसरले आणि दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा नाटकातल्या मावळ्याचं भाषण त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं. बादशहाच्या दाढीत, सिंहासनावर बसून त्यांनी 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकली. लोक पोट धरधरून हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. घरी आल्यावर ते दाढी न काढताच पडवीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. मग मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष किराणा दुकानदार होते, तोंडाने फार गोड. ते घरी येऊन म्हणाले, "काका, आतां विश्रांती घेयात. तुमी फुडल्या खुर्चेर बसून नाटक पळेयात." म्हणजे बाहेरचा रस्ता दाखवला, तोही पानसुपारी खात.

 सासऱ्यांची एक सवय होती. जत्रेला महिना उरला की ते स्वतःची मिशी उतरवायचे. भूमिका कुठलीही मिळो, वरून हवी ती मिशी चिकटवता यावी म्हणून. त्या वर्षी त्यांना कोणी भूमिका दिलेली नव्हती. तरी एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते आरशापुढे बसलेले, मिशी साफ. माझ्याकडे बघेनात.  मी त्याच क्षणी ठरवलं की या माणसाला रंगमंचावर चढवायचंच. पुन्हा हसं झालं तर ती त्यांची शेवटचीच भूमिका असेल, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्या भांडवलावर मला कमिटीच्या बैठकीत बसायला मिळालं. त्या दिवशी विषय एकच होता, नाटक कोणतं करायचं. ऐतिहासिक मराठी नाटक घ्यावं तर कोंकणीवाले उठून जाणार. सामाजिक कोंकणी घ्यावं तर मराठीवाले मंडपच घालू देणार नाहीत. पोर्तुगीज काळावरचं घ्यावं तर ख्रिस्तावांच्या वाड्यावरचे शेजारी दुखावणार, आणि जत्रेला खुर्च्या त्यांच्याकडूनच यायच्या. दोन तास चर्चा झाली. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा मी म्हटलं, "अमेरिकेवर करू या. तिथं आपलं कोणाचंच भांडण नाही."

कॉलेजात असताना मी एक घोडेस्वारांचा इंग्रजी सिनेमा पाहिला होता. शिवाय इतिहासाच्या पुस्तकात दीड पान होतं. गोरे लोक पश्चिमेकडे सरकत गेले, माळावर लाकडी किल्ले बांधले, आत शिपाई ठेवले, आणि तिथल्या मूळच्या टोळ्यांना कागदावर अंगठे उठवायला लावून मागे रेटत नेलं. एवढ्या शिदोरीवर मी नाटक लिहायचं कबूल केलं. एक म्हातारे सदस्य म्हणाले, "त्या लोकांक इंडियन म्हणटात न्हू? म्हणजे बांद्यापलीकडले?" आमच्याकडे जुनी माणसं गोव्याच्या हद्दीबाहेरच्या सगळ्या मुलखाला तेव्हाही इंडिया म्हणायची, त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच होता.

मग मुख्य घोळ सुरू झाला. नाटक कुठल्या भाषेत? मी भोळेपणाचा आव आणून सुचवलं की किल्ल्यातले शिपाई मराठी बोलतील आणि टोळीवाले कोंकणी. क्षणभर सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. मग एक बाजू उठली, "म्हणजे आमी रानटी काय?" दुसरी बाजू उठली, "म्हणजे आम्ही बाहेरून आलेले?" मी उलटं करून पाहिलं. तीच दोन वाक्यं बाजू बदलून परत आली. शेवटी मी हताश झाल्यासारखा चेहरा केला आणि म्हटलं, "असं करू. नाटक नेहमीच्याच भाषेत राहू दे. टोळीवाले बोलणारच नाहीत. त्यांचा म्होरक्या फक्त 'हूं' म्हणेल. 'हूं' दोन्ही भाषांत एकच आहे." यावर हरकत घेण्यासारखं कोणाला काही सापडेना. मी लगेच पुढचं वाक्य टाकलं, "आणि नुसतं 'हूं'च म्हणायचं असेल तर आमचे बाबा करतील."

अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. आपण कुठल्या दारातून आत ओढले गेलो, ते त्यांना तेवढ्यात कळलं. पण मागे फिरायला वाट नव्हती. ते एवढंच म्हणाले, "ह्या वर्सा चुकले जाल्यार मागीर कोणे म्हाका सांगूंक येवचें न्हय." यंदा चुकले तर पुन्हा नाही, ही अट मी घरी येऊन सासऱ्यांना सांगितली. लपवायची कशाला?

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वही उघडली, आपली वाक्यं मोजली आणि वही मिटली.

"चाळीस वर्सां तोंडाक रंग लायलो," ते म्हणाले, "आनी आतां तीन 'हूं'?"

"तीन हूं आणि एक अंगठा," मी म्हटलं. शेवटच्या प्रवेशात किल्ल्याचा कॅप्टन तहाचा कागद पुढे करतो आणि म्होरक्या त्यावर अंगठा उठवतो, असं मी लिहिलं होतं.

यावर ते खरेच भडकले. "आंगठो? म्हाका सही येता."

म्हाताऱ्याचा मान दुखावला एवढंच मला वाटलं. खरं कारण माझ्या नवऱ्याने त्या रात्री सांगितलं. पोर्तुगीज काळात सासऱ्यांच्या वडिलांपुढे कोणीतरी एक कागद ठेवला होता. पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. काय लिहिलंय ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही. त्यांनी अंगठा उठवला, आणि पुढच्या मोसमात डोंगरावरच्या आपल्याच काजूंच्या भाटात, म्हणजे बागेत, त्यांना पाऊल ठेवता येईना. सासरे तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर हट्टाने मराठी शाळेत गेले आणि सगळ्यात आधी सही करायला शिकले.  सकाळी त्यांना म्हटलं की अंगठा काढून टाकते. ते म्हणाले, "नाका. नाटक तें नाटक." पण 'नाका' म्हणायला त्यांनी बराच वेळ घेतला.

खरी अडचण विसरण्याची होती. तीन 'हूं' म्हणायचे, पण कधी म्हणायचे ते त्यांच्या डोक्यात राहीना. तालमीत कॅप्टन नुसता शिंकला तरी 'हूं'. कॅप्टन माझा नवराच होता. तो वीज खात्यात होता आणि दिवसभर खांबावर चढून यायचा, त्यामुळे त्याचा धीर लवकर सुटायचा. मग मला युक्ती सुचली. किल्ला म्हटला की बिगुल हवा. बिगुल गावात कोणाकडे नव्हता, पण भोंगा होता. आमच्याकडे पाव घेऊन येणारा पोदेर सायकलला रबरी भोंगा लावतो, पों पों करत दारोदार फिरतो. मी त्याच्याकडून जुना भोंगा मागून आणला. ठरलं असं की विंगेत मी भोंगा वाजवायचा. पहिला पों, पहिला हूं. दुसरा पों, दुसरा हूं. तिसरा पों वाजला की तिसरा हूं आणि मग अंगठा. दोन दिवसांत त्यांचं पाठ झालं. पों वाजला की हूं, अगदी झोपेतसुद्धा. मी एकदा दुपारी ते डुलकी घेत असताना वाजवून पाहिलं होतं.

सुताराने किल्ला करायला नकार दिला. "लाकडाचो किल्लो? वाळवी लागली जाल्यार तुजे सायब रवतले खंय?" तेरेखोलचा किल्ला त्याने डोळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे किल्ला म्हणजे चिरा आणि बुरूज यावर तो अडून बसला. शेवटी तडजोड म्हणून सुपारीची खोडं उभी केली आणि मागे भाड्याचा किल्ल्याचा पडदा सोडला. त्या पडद्यावर बुरूज होता, चंद्र होता आणि खाली कोपऱ्यात तुळशीवृंदावन. वृंदावनापुढे आम्ही गवताची गंजी ठेवली. ती सारखी सरकायची आणि अमेरिकेत तुळस दिसायची.

गावातलं वातावरण तापलेलं म्हणून नाटक दिवसाउजेडीच संपवायचं असं ठरलं. चारची वेळ दिली. सुरू झालं पावणेपाचला, कारण खुर्च्यांवर कोणत्या बाजूने कोणी बसायचं यावरून वाद झाला. शेवटी मराठीवाले डावीकडे, कोंकणीवाले उजवीकडे आणि मध्ये बायका बसल्या. ते दोन भाऊ समोरासमोर येतील असे बसले होते. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. पडद्यावर चांदणं होतं आणि खाली सगळे उन्हाने डोळे बारीक करून बघत होते.

सासरे आले. डोक्याला कोंबड्याची पिसं, अंगावर माझी जुनी घोंगडी. काही करायच्या आधीच ते नुसते उभे राहिले आणि मंडप शांत झाला. चाळीस वर्षं उगाच काढली नव्हती त्यांनी. कॅप्टन म्हणाला, "म्होरक्या, ही जमीन तुझी म्हणतोस?" मी पों केलं. "हूं." डावीकडून टाळ्या, मग उजवीकडून थोड्या जास्त.

आणि मी तोंडघशी पडले ती इथे. भोंगा मी पोदेराकडून आणला, त्याला सगळं सांगितलं, फक्त नाटकाची वेळ सांगितली नाही. संध्याकाळचा पाव घेऊन तो नेमका पाचला आमच्या वाटेने यायचा. त्याच्या नेमात काही चूक नव्हती. कॅप्टन रुबाबात विचारत होता, "सांग, आज पहाटे आमचा दारूगोळा तूच चोरलास ना?" आणि देवळाच्या पाठीमागून खणखणीत पों आला.

"हूं," सासरे म्हणाले.

लिखाणाप्रमाणे म्होरक्या निर्दोष होता. सगळं नाटक त्या निर्दोषपणावर उभं होतं. बायकांतल्या चौघीजणी सवयीने पिशव्या घेऊन उठल्या. मुलं "पाव आयलो" म्हणून ओरडली. एक कुत्रा रंगमंचापुढून धावत गेला. आणि किल्ल्यातले शिपाई, ज्यांना दुसऱ्या पोंला रांगेत बाहेर यायचं शिकवलेलं होतं, ते रांगेत बाहेर आले, एक तर अजून टोपी शोधत. म्हणजे शेवटचा प्रवेश सुरू झाला होता, मधलं सगळं नाटक गाळून.

हशा सुरू झाला. तो आदल्या वर्षीचाच हशा होता, मी ओळखला. अध्यक्षांनी हाताची घडी सोडून शेजारच्या माणसाकडे मान वळवली.  मला ओरडून सांगावंसं वाटलं की चूक माझी आहे हो, या माणसाची नाही. पण विंगेतून कुठे ओरडणार? सासरे मधोमध उभे होते. काहीतरी बिनसलंय ते त्यांना कळलं होतं, पण कुठे बिनसलंय ते कळत नव्हतं. पिसांखाली त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

माझ्या नवऱ्याला हे लवकर संपवणं एवढंच सुचलं. त्याने तहाचा कागद काढला, शाईची डबी उघडली आणि म्हणाला, "म्होरक्या, इथे अंगठा कर."

सासऱ्यांनी कागदाकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मी तिसरा भोंगा वाजवायला हात उचलला आणि माझा हात तसाच राहिला, कारण ते बोलले. ओहोळापलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात.

"हो कागद खंयच्या भाशेंत आसा?"

हशा थांबला. असा थांबला की पोदेराच्या सायकलची साखळी ऐकू आली. नाटकात हे वाक्य नव्हतं. तो प्रश्न त्या वर्षी अख्ख्या गोव्यात सगळे एकमेकांना विचारत होते, आणि माझा नवरा, बिचारा, त्याच्या मधोमध खाकी कपड्यांत उभा होता. तो गडबडून म्हणाला, "मराठीत आहे."

उजवी बाजू उभी राहिली. "कित्याक मराठींत?"

"नाही, नाही, कोंकणीत," तो म्हणाला.

डावी बाजू उभी राहिली. शिपायांनी हळूच मागे सरकायला सुरुवात केली. गवताची गंजी घसरली आणि तुळस दिसू लागली. नवऱ्याने घाबरून हातातल्या कागदाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो कागद मी शाळेच्या कचऱ्यातून उचलला होता, वरून आलेलं कसलं तरी परिपत्रक. त्याने खरं काय ते सांगून टाकलं.

"बाबा, इंग्रजीत आहे."

आणि मग डावी आणि उजवी बाजू एकदम ओरडली. कोणी "सही करू नका!" म्हणालं, कोणी "करूं नाकात सही!" म्हणालं, पण आवाज एकच झाला. ते दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या समोर उभे राहून, हात वर करून, एकच वाक्य ओरडत होते. पिशव्या घेतलेल्या बायकाही ओरडत होत्या. त्या वर्षभरात गावाचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

सासऱ्यांनी मुलाच्या हातातून कागद घेतला. नीट चार घड्या घातल्या आणि घोंगडीच्या आत कमरेला खोचला. मग त्यांनी मान वळवून विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होते. मला कळेना कशाची. त्यांनी भुवई किंचित वर केली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भोंगा दाबला.

"हूं," ते म्हणाले. तिसरा. म्हणजे या सगळ्या गोंधळात त्यांनी मोजणी सोडली नव्हती.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात म्हणून तो परत वर घ्यावा लागला. अध्यक्ष रंगमंचावर आले आणि पुढच्या वर्षी काकांना मोठी भूमिका द्यायची असं जाहीर करून टाकलं, जणू सगळी कल्पना त्यांचीच होती. पोदेराचा सगळा पाव मंडपातच खपला. घरी येताना मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, ते वाक्य तुम्हाला कसं सुचलं?"  पडवीत बसून पिसं काढता काढता त्यांनी मलाच विचारलं, "चुकलों काय गो?" मी म्हटलं, नाही. ते विसरले होते की मुद्दाम बोलले, ते मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून परत मिशी वाढवायला लागले.

मोठी भूमिका पुढच्या वर्षी काही झाली नाही. पावसाळ्यानंतर त्यांचं पोटाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशन ठरलं. गोवा तोवर राज्य झालं होतं. इस्पितळातल्या नर्सने संमतीचा फॉर्म आणला. त्यांनी पेन हातात घेतलं, पण हात इतका थरथरत होता की टोकच कागदावर टेकेना. दोनदा प्रयत्न केला. नर्स चांगली होती, घाई न करता तिने टेबलावरून शाईची डबी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी डबीकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आवाज पार बसला होता, पण भुवई तशीच किंचित वर गेली.

"हो कागद खंयच्या भाशेंत आसा गो?"

फॉर्म इंग्रजीत होता. मी तो त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, प्रत्येक ओळ त्यांच्या बोलीत सांगून. माझी बोली अजून बेळगावी वळणाची होती, तरी त्यांनी एकदाही टोकलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि तोंडानेच हळू आवाजात म्हटलं, "पों."

"हूं," ते म्हणाले आणि अंगठा पुढे केला. शाई मी माझ्या पदराने पुसली.